तिसऱ्या चाकावरची वेळ

टीम परस्यूट ही सायकलच्या ट्रॅकवरची शर्यत. चार जण एकत्र सुटतात, चार किलोमीटर एकमेकांच्या चाकाला चाक लावून धावतात आणि तिसऱ्याचे पुढचे चाक शेवटच्या रेघेवर आले की घड्याळ थांबते. पहिला किती आधी पोचला याची नोंद निकालात नसते. चौथा दमून मागे पडला, ट्रॅकवरून बाजूला झाला, तरी चालते. तिसरा मात्र यायलाच हवा. ऑलिंपिक असो, आशियाई स्पर्धा असो की राष्ट्रकुल, पुरुषांची ही शर्यत सगळीकडे याच नियमाने होते. धाराशिव जिल्ह्यातल्या मुलांपर्यंत हा खेळ पोचावा असे मला मनापासून वाटते ते या एका नियमामुळे. पुढची पाने त्याच ओढीने लिहिली आहेत.

वाचक कोण, हे आधी सांगतो. भूम, परंडा, कळंब, वाशी, तुळजापूर, लोहारा, उमरगा आणि धाराशिव या आठ तालुक्यांतले शाळेचे क्रीडाशिक्षक, सायकलवर शाळेला जाणारी मुले आणि त्यांचे आईबाप यांच्यासाठी हे लिखाण आहे. ज्याने आजवर ट्रॅकची सायकल हातात धरलेली नाही, त्यालाही हा खेळ कळावा, टीव्हीवर दिसला तर डोळे त्यावर खिळावेत आणि आपल्या गावात काय करता येईल याचा विचार त्याच्या मनात सुरू व्हावा, एवढीच अपेक्षा आहे. तेव्हा खेळाच्या रचनेपासूनच सुरुवात करू.

आंतरराष्ट्रीय दर्जाचा ट्रॅक अडीचशे मीटरचा असतो. चार किलोमीटर म्हणजे सोळा फेऱ्या. दोन संघ समोरासमोरच्या सरळ बाजूंच्या मध्यावरून एकाच वेळी सुटतात, म्हणजे दोघांत सुरुवातीला बरोबर अर्ध्या फेरीचे अंतर असते. जो संघ चार किलोमीटर आधी पुरे करील तो जिंकला. अंतिम लढतीत एका संघाने दुसऱ्याला मागून गाठलेच, तर शर्यत तिथेच संपते. आधी पात्रता फेरी होते. तिच्यात प्रत्येक संघ घड्याळाशी झुंजतो, आणि वेळेनुसार निवडलेले संघ पुढे एकमेकांसमोर उभे राहतात.

ट्रॅक सपाट नसतो. वळणावर तो आतल्या बाजूला इतका कलतो की त्याचा चढ चाळीस अंशांच्या वर जातो. वेगाने वळणाऱ्या सायकलला बाहेर फेकले जाण्यापासून हा कल वाचवतो. ट्रॅकच्या आतल्या कडेला एक काळी रेघ आखलेली असते. फेरीची लांबी त्या रेघेवर मोजतात, म्हणून संघ शक्य तितका वेळ ती रेघ धरून पळतो. रेघ सोडून एखादा हात वर गेला, तरी प्रत्येक फेरीत अंतर वाढते आणि सोळा फेऱ्यांत त्याची बेरीज भारी पडते.

सायकलही निराळी. तिला ब्रेक नसतात, गिअर बदलायची सोय नसते आणि फ्रीव्हीलही नसते. आपल्या नेहमीच्या सायकलवर उतार लागला की पायडल थांबवून सायकल नुसती सोडून देता येते. इथे मागचे चाक फिरते तोवर पायडल फिरणार आणि पायडल फिरते तोवर पाय फिरणार. विसावा नावाची गोष्ट या सायकलवर नाही. मागचे चाक आऱ्यांचे नसून भरीव तबकडीचे असते, आणि हँडलला पुढे काढलेल्या दांड्यांवर कोपरे टेकवून स्वार जवळजवळ आडवा होतो. हे सगळे वाऱ्यासाठी. या शर्यतीत खरा प्रतिस्पर्धी वारा आहे आणि चार जणांची गरज पडते ती त्याच्यामुळेच.

वाऱ्याचा हिशेब नीट समजून घ्यायला हवा. सायकलचा वेग वाढतो तसा हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि तो कापायला लागणारी ताकद घनाने वाढते. ताशी ५७ किलोमीटरवरून ताशी ६५ वर जायचे तर वेग साधारण सातव्या हिश्श्याने वाढला, पण ताकद जवळजवळ दीडपट लागते. नुसत्या मांड्यांच्या जोरावर हे अंतर कुणी तोडू शकत नाही. मात्र पुढच्याने हवा कापली की त्याच्या पाठीमागे तिचा दाब कमी झालेला असतो. त्या आडोशात चाकाला चाक लावून चालणाऱ्याला पुढच्याच्या मानाने साधारण सत्तर टक्के ताकद पुरते आणि तिसऱ्या-चौथ्याला त्याहूनही थोडी कमी. तेव्हा चौघांनी आळीपाळीने पुढे यायचे, वारा अंगावर घ्यायचा आणि दम संपायच्या आत जागा सोडायची. खेळाचा सगळा डाव या पाळ्या कशा लावायच्या यात आहे.

पाळी बदलते तो क्षण जवळून पाहण्यासारखा असतो. पुढचा स्वार एक फेरी, कधी सव्वा किंवा दीड फेरी ओढतो आणि वळण सुरू होताच हँडलला किंचित हिसका देऊन कलावर वर चढतो. चढामुळे त्याचा वेग आपोआप उतरतो. खालून तिघे काळ्या रेघेवरून सरळ निघून जातात. त्यांचा रस्ता आखूड आणि त्याचा लांब, त्यामुळे वळण संपेपर्यंत ते त्याच्या पुढे झालेले असतात. तिसऱ्याचे मागचे चाक खालून सरकताना दिसले की तो उतरणीचा वेग घेऊन खाली येतो आणि नेमका त्या चाकामागे बसतो. एकूण काम तीन-चार सेकंदांचे. तेवढ्यात ताशी साठाच्या वर वेग आहे, पुढच्या-मागच्या चाकांत वीतभर अंतर आहे आणि ब्रेक नाहीत. उतरायला क्षणभर उशीर झाला तर दोन मीटरची फट पडते. ती फट एकट्याने, उघड्या वाऱ्यात भरून काढावी लागते आणि त्यात पायातला जीव निघून जातो. घाई झाली तर चाक चाकाला लागते आणि दोघे-तिघे पडतात. वर जाणाऱ्याने मागे वळून पाहायचे नसते. मागचे तिघे आपल्या रेघेवरच असतील, हा भरवसा त्याला सरावातून आलेला असतो.

सुरुवातही तितकीच कठीण. सायकली जागच्या उभ्या असतात. पहिल्याची सायकल यंत्राच्या पकडीत असते आणि घड्याळाचे उलटे ठोके संपले की पकड सुटते. गिअर एकच आणि तोही जड, म्हणून पहिल्या काही पायडलांना अंगातली सगळी शक्ती लागते. आजच्या अव्वल संघांना पहिली फेरी काढायला एकवीस-बावीस सेकंद लागतात. पुढची प्रत्येक फेरी तेरा सेकंदांच्या आसपास पडते. सुरुवातीला पुढच्याने अंगात जोर आहे म्हणून जास्त ओढले, तर तिसरा-चौथा तिथेच मोडतो आणि त्याची किंमत बाराव्या-तेराव्या फेरीत मोजावी लागते.

इथे तिसऱ्या चाकाच्या नियमाचे मोल कळते. एखाद्या संघात जगातला सर्वांत ताकदवान स्वार असला, तरी त्याच्या ताकदीचा उपयोग किती, तर तिसऱ्याला सोबत घेऊन जाता येईल तितकाच. टोकियो ऑलिंपिकचा अंतिम सामना घ्या. करोनामुळे तो २०२१ च्या ऑगस्टमध्ये झाला. इटली विरुद्ध डेन्मार्क. इटलीच्या संघात फिलिप्पो गान्ना होता आणि त्या काळात घड्याळाविरुद्धच्या शर्यतीत त्याच्या तोडीचे फार थोडे होते. शेवटच्या काही फेऱ्या उरल्या तेव्हा इटली मागे होती. मग गान्नाने लांबलचक पाळी घेतली, पण ती घेताना सिमोने कोन्सोन्नी आणि जोनाथन मिलान त्याच्या चाकावरून सुटणार नाहीत एवढाच वेग त्याने वाढवला. फ्रान्चेस्को लामोनसह या चौघांनी ३ मिनिटे ४२.०३२ सेकंदांत सुवर्ण जिंकले. डेन्मार्कची वेळ ३ मिनिटे ४२.१९८. चार किलोमीटरनंतर फरक एका सेकंदाच्या सहाव्या भागाइतका. गान्ना एकटा पुढे निसटला असता, तर ती शर्यत इटलीने हमखास गमावली असती.

तीन वर्षांनी पॅरिसला नियमाची दुसरी बाजू दिसली. ६ ऑगस्ट २०२४ रोजी ऑस्ट्रेलियाच्या ऑलिव्हर ब्लेडिन, सॅम वेल्सफर्ड, कॉनर लेही आणि केलंड ओब्रायन यांनी ३ मिनिटे ४०.७३० सेकंदांची वेळ देऊन विश्वविक्रम केला. म्हणजे जागच्या उभ्या सुरुवातीसह ताशी ६५ किलोमीटरहून अधिक सरासरी. दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात त्यांच्यासमोर ग्रेट ब्रिटन होते. शेवटच्या फेरीत दोन संघांत अगदी थोडा फरक असताना ब्रिटनचा ईथन हेटर सीटवरून पुढे घसरला. तो पडला नाही, सायकल त्याने सावरली, पण लय गेली. ऑस्ट्रेलियाने ३ मिनिटे ४२.०६७ मध्ये सुवर्ण नेले आणि ब्रिटन दोन सेकंदांहून थोडे जास्त मागे राहिले. पंधरा फेऱ्यांची चौघांची मेहनत एका माणसाच्या घसरण्यावर अवलंबून होती, आणि हे चौघांनाही सुरुवातीपासून ठाऊक होते. असे ठाऊक असूनही एकमेकांच्या चाकावर विश्वास टाकणे, याला मी या खेळातले मोठे शिक्षण समजतो.

ऑलिंपिकमध्ये ही शर्यत १९०८ च्या लंडन स्पर्धेत आली आणि १९२० पासून ती कायमची झाली. महिलांसाठी ती २०१२ मध्ये सुरू झाली. तेव्हा तिघींची आणि तीन किलोमीटरची होती. २०१६ पासून महिलाही चौघी मिळून चार किलोमीटर धावतात. काळाबरोबर वेळ कशी उतरली पाहा. १९४८ मध्ये लंडनच्या हर्न हिल ट्रॅकवर फ्रान्सने सुवर्ण जिंकले तेव्हा वेळ पाच मिनिटांच्या जराशी आत होती. २००८ मध्ये बीजिंगला ब्रिटनने ३ मिनिटे ५३.३१४ सेकंद गाठले. त्यानंतर सोळा वर्षांत आणखी साडेबारा सेकंद गेले. पाय माणसाचेच राहिले. बदलली ती बसण्याची ढब, कपड्यांचे कापड, गिअरची निवड, पाळ्यांचे गणित आणि प्रत्येक गोष्ट मोजून पाहण्याची सवय.

१९४८ च्या त्या फ्रेंच संघातल्या शार्ल कोस्ट यांना अनेकांनी नकळत पाहिले आहे. २६ जुलै २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनाला पावसात चाकाच्या खुर्चीवर बसून ज्योत हाती घेतलेले शंभर वर्षांचे वृद्ध गृहस्थ ते हेच. टीम परस्यूटच्या विजेत्याला त्यांच्या देशाने शहात्तर वर्षांनी हा मान दिला.

त्याच हर्न हिलच्या ट्रॅकवर १९४८ मध्ये भारताचाही संघ याच शर्यतीत उतरला होता, हे आपण विसरून गेलो आहोत. त्या वेळच्या भारतीय सायकल पथकात जहांगू अमीन, रोहिंटन नोबल अशी नावे आहेत. मुंबईच्या पारशी समाजाने या देशातल्या सायकल शर्यतींचा पाया घातला, याची ती खूण. पुढे हिंदी चित्रपटांतले चरित्र अभिनेते म्हणून लोकांना माहीत झालेले जानकीदास हे मुळात सायकलपटू. ते आणि मुंबईचे सोहराब भूत यांच्या खटपटीतून १९४६ मध्ये सायकलिंग फेडरेशन ऑफ इंडिया उभे राहिले. स्वातंत्र्याला वर्ष होत असताना आपले खेळाडू लंडनच्या ट्रॅकवर होते ते त्यामुळे.

त्यानंतर तीनच वर्षांनी, मार्च १९५१ मध्ये, दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या. तिथे टीम परस्यूटमध्ये जपानच्या मागोमाग भारताने रौप्यपदक मिळवले. पहिल्याच आशियाई स्पर्धेत या शर्यतीचे पदक आपल्या गळ्यात होते, ही गोष्ट शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. पुढच्या काळात जपान, दक्षिण कोरिया, चीन यांनी ट्रॅक बांधले, प्रशिक्षक घडवले आणि ते खूप पुढे गेले. आपण मात्र मोठी स्पर्धा आली की ट्रॅक बांधायचा आणि ती सरली की विसरायचा, असे करत राहिलो. १९८२ च्या आशियाई स्पर्धांसाठी दिल्लीत यमुना वेलोड्रोम, म्हणजे सायकलचा ट्रॅक, झाला. देशातला पहिला छताखालचा लाकडी ट्रॅक मिळायला मात्र २०१० ची राष्ट्रकुल स्पर्धा यावी लागली. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातला तो अडीचशे मीटरचा ट्रॅक आजही भारतीय ट्रॅक सायकलिंगचे घर आहे.

आपण आज कुठे आहोत, याचा आकडा स्वच्छ समोर ठेवलेला बरा. २०२२ ची राष्ट्रकुल स्पर्धा बर्मिंगहॅमची म्हणून ओळखली जाते, पण तिच्या ट्रॅक शर्यती लंडनच्या ली व्हॅली वेलोड्रोमवर झाल्या. भारताच्या संघाने पात्रता फेरीत ४ मिनिटे १२.८६५ सेकंदांची वेळ दिली आणि पुढच्या फेरीत जाता आले नाही. सुवर्ण जिंकणाऱ्या न्यूझीलंडची अंतिम फेरीतली वेळ ३ मिनिटे ४७.५७५ होती. पंचवीस सेकंदांचा फरक. भारताचा वेग ताशी ५७ किलोमीटरच्या आसपास होता, आणि तो कमी लेखण्यासारखा मुळीच नाही. पण हा वेग आणि पदकाचा वेग यांच्यामध्ये वाऱ्याचा तो घनाचा हिशेब उभा आहे. तो फक्त व्यायामाने फिटत नाही. त्याला एकत्र घालवलेली वर्षे लागतात, चांगला ट्रॅक हाताशी लागतो आणि एकमेकांच्या तोडीचे चार जण लागतात. त्या भारतीय संघात कर्नाटकचा वेंकप्पा केंगलगुत्ती होता. त्याच स्पर्धेत महिलांच्या ट्रॅक शर्यतींत महाराष्ट्राच्या मयूरी लुटे आणि शुशिकला आगाशे धावल्या. आगाशे भंडारा जिल्ह्यातली. राष्ट्रकुलच्या ट्रॅकपर्यंत पोचायला मोठे शहर लागत नाही, याचा तो पुरावा आहे.

आता धाराशिवकडे येतो. या जिल्ह्यात वेलोड्रोम नाही. मग इथल्या मुलांना हा खेळ सांगायचा कशासाठी, असा प्रश्न कुणीही विचारील. माझे उत्तर खो-खोच्या मैदानावरून येते. खो-खोत धाराशिवचे नाव देशात आहे. इथल्या सारिका काळेच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. तीही एक आंतरराष्ट्रीय बहुक्रीडा स्पर्धाच होती. या जिल्ह्यातल्या पोरांना पाठलाग शिकवावा लागत नाही. खो-खोत धावणारा एकटाच गड्याला बाद करायला गेला, तर तो दमतो आणि गडी सुटतो. योग्य क्षणी, योग्य दिशेला तोंड करून बसलेल्याला खो द्यायचा आणि त्याची जागा घेऊन आपण बसायचे, हे इथे दहा वर्षांच्या मुलीलाही कळते. दम संपण्याआधी जागा सोडणे, सोडल्यावर लगेच आपल्या ठिकाणी बसणे आणि पुढच्यावर पूर्ण भरवसा ठेवणे, या तीन गोष्टी टीम परस्यूटच्या मुळाशी आहेत. जगातल्या अनेक संघांना हे शिकायला वर्षे लागतात. आपल्याकडे ते गल्लीत, शाळेच्या मैदानात, संध्याकाळच्या सरावात रुजलेले आहे.

दुसरे उत्तर शेजारच्या जिल्ह्यातून येते. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे त्याच २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक घेऊन आला. सुवर्ण फक्त पाच शतांश सेकंदांनी हुकले. पुढच्याच वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण मिळवले. बालाघाटच्या या कोरडवाहू पट्ट्यातल्या पोरांत दम धरण्याची ताकद आहे, हे आता वेगळे सिद्ध करावे लागत नाही. चार मिनिटे पूर्ण जोर लावून टिकणे हे दमाचेच काम आहे. खो-खोची सांघिक शिस्त आणि साबळेसारखा दम जिथे शेजारी नांदतात, तिथे हा खेळ रुजणार नाही असे मी मानत नाही.

सायकल तर इथे घरोघर आहे. शाळेला पायपीट करणाऱ्या मुलींना राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळतात आणि त्यांवर त्या वस्तीवरून गावातल्या शाळेत जातात. जवळपास या खेळाचा अनुभवही आहे. सोलापूर ओलांडून शंभरेक किलोमीटर गेले की विजापूर लागते. विजापूर-बागलकोटच्या पट्ट्याने देशाला कितीतरी सायकलपटू दिले. तिथला पाऊस, तिथली शेती आणि तिथल्या वस्त्या आपल्यासारख्याच आहेत. फरक एवढाच की तिथे पिढ्यान् पिढ्या गावोगाव शर्यती होत राहिल्या, क्रीडा वसतिगृहात सायकलिंगला जागा मिळाली आणि मोठ्यांनी लहानांना शिकवले. देशाच्या दुसऱ्या टोकाला अंदमान-निकोबार बेटे पाहा. डेबोरा हेरॉल्ड आणि एसो अल्बन हे सायकलपटू तिथले. २०१९ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट ओडर इथे भारतीय मुलांनी ज्युनिअर जागतिक स्पर्धेत टीम स्प्रिंट या ट्रॅकवरच्या दुसऱ्या सांघिक शर्यतीचे सुवर्ण जिंकले. त्या संघात मणिपूरच्या रोनाल्डो सिंगबरोबर अल्बन होता. समुद्राने वेढलेल्या बेटावरून जे होऊ शकले, ते रेल्वे आणि महामार्ग असलेल्या जिल्ह्याला अशक्य नाही.

महाराष्ट्राला सायकल शर्यतीचे वेड जुने आहे. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला मिळणारा ‘घाटाचा राजा’ हा किताब किती तरुणांनी उराशी बाळगला! पण हे वेड रस्त्यावरचे. पुण्याजवळ बालेवाडीच्या क्रीडानगरीत सायकलचा ट्रॅक आहे, तरी ट्रॅकचे संघ आपल्याकडे मोजकेच राहिले. रस्त्यावरची शर्यत एकट्याच्या चिवटपणावरही जिंकता येते. टीम परस्यूटला चार जण रोज एकत्र लागतात. ते एका गावातले, एका शाळेतले असतील तर काम सोपे होते, आणि हे तालुक्याच्या ठिकाणी शहरापेक्षा सहज जमते.

ट्रॅक येईपर्यंत काय करायचे, याला पुस्तकातले सर्वांत मोठे प्रकरण दिले आहे. त्यातले मुख्य एवढे. सुरुवात साध्या, ब्रेक असलेल्या सायकलींवरच करायची. ब्रेक नसलेली ट्रॅकची सायकल रस्त्यावर कधीही चालवायची नाही, हा नियम क्रीडाशिक्षकाने मोडू देऊ नये. धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा या गावांजवळून राष्ट्रीय महामार्ग जातात. सरावासाठी ते कटाक्षाने टाळावेत आणि वाहतूक नसलेली मोकळी जागा निवडावी. चारशे मीटरच्या धावपट्टीचे मैदान मिळाले तर उत्तम. दहा फेऱ्यांत चार किलोमीटर पुरे होतात. आधी दोघांनी एका रेघेत चालायला शिकायचे, पुढच्याच्या चाकापासून सायकलभर अंतर ठेवून. मग तिघे, मग चौघे. अंतर हळूहळू कमी करायचे. पाळी बदलताना पुढच्याने एकाच बाजूला सरकायचे, दर वेळी त्याच बाजूला, आणि मागच्यांनी वेग न बदलता पुढे जायचे. डोक्यावर हेल्मेट नसेल तर सायकलला हात लावायचा नाही. शिक्षकाच्या हातात एक घड्याळ हवे, आणि ते पहिल्या दिवसापासून तिसऱ्या चाकावर थांबले पाहिजे.

घड्याळाच्या या एका सवयीने शाळेत काय बदलेल, ते सांगतो. आपण मुलांच्या खेळात नेहमी पहिल्याकडे पाहतो. बक्षीस पहिल्याला, फोटो पहिल्याचा, जिल्ह्याच्या संघात निवड पहिल्याची. वेळ तिसऱ्यावर धरली की शिक्षकाचे लक्ष आपोआप तिसऱ्याकडे जाते. त्याची सायकल बरोबर उंचीची आहे का, त्याने सकाळी काही खाल्ले आहे का, सुरुवातीला तो घाबरतो का, पहिला त्याला मागे टाकून पळतो का, हे प्रश्न विचारले जातात. पहिल्यालाही कळते की आपला वेग मागच्याला झेपेल इतकाच चांगला. सगळ्यात जोरकस मुलगा मोठी पाळी घेऊ लागतो आणि कमजोर मुलगा छोटी पाळी घेऊनही संघाचा राहतो. ज्या जिल्ह्याने १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंप सोसला, वारंवार दुष्काळ पाहिले, त्या जिल्ह्यातल्या मुलांना कुणीही मागे राहता कामा नये हे खेळातून शिकायला मिळावे, हे मला पदकाइतकेच मोलाचे वाटते.

पदकाची आसही मी सोडत नाही. पुढच्या प्रकरणांत नियम सविस्तर दिले आहेत. सायकलच्या प्रत्येक भागाची ओळख, वयोगटाप्रमाणे सरावाचे आठवडे, आहार, दुखापती आणि १९४८ पासूनच्या भारतीय ट्रॅक सायकलिंगचा इतिहास आहे. शेवटच्या प्रकरणात मराठवाड्यासाठी एका खुल्या सिमेंटच्या ट्रॅकची मागणी कारणांसह मांडली आहे. लाकडी, छताखालचा ट्रॅक बांधायला आणि सांभाळायला फार खर्च येतो. खुला सिमेंटचा ट्रॅक त्यामानाने पुष्कळ स्वस्त पडतो, आणि शाळकरी वयात चौघांची घडी बसवायला तो पुरेसा असतो. आज आपल्या मुलाला ट्रॅकवर सराव करायचा तर पुणे किंवा दिल्ली गाठावी लागते. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला ते कसे परवडणार? आणि नेमके तेच वय सायकलवर तोल, रेघ आणि भरवसा शिकण्याचे असते.

ट्रॅकची मागणी मात्र तेव्हाच वजनदार होईल, जेव्हा तिच्यामागे मुले उभी असतील. आठ तालुक्यांतून एकेका शाळेने चौघांचा एक संघ उभा केला, मैदानावर वर्षभर त्यांची वेळ नोंदवली आणि वर्षाअखेरीस ते आठ संघ एकमेकांसमोर आले, तर जिल्ह्यात पहिली टीम परस्यूट स्पर्धा झाली म्हणून समजा. त्यासाठी परवानगीची वाट पाहायची गरज नाही आणि निधीचीही फारशी नाही. शिक्षकाने पहिले प्रकरण वाचावे, सायकलवर येणाऱ्या मुलांतून चार जण निवडावेत आणि येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांना मैदानावर एका रेघेत चालवून पाहावे.